कमी खर्चात, कमी कचऱ्यात लहान मुलांचे संगोपन : लंगोट, खिमट, खेळणी आणि त्यामागचे कष्ट

निरगुडी (पुणे)

माझी धाकटी मुलगी सात महिन्यांची आहे आणि थोरला मुलगा साडेचार वर्षांचा. आम्ही पुण्यात दोन खोल्यांच्या घरात राहतो. नवरा-बायको दोघेही नोकरी करतो, तरी घराचा हप्ता, मुलाची शाळा आणि सासूबाईंची औषधे वजा जाता महिनाअखेरीस हातात फारसे काही उरत नाही. थोरल्याच्या वेळी आम्ही पहिल्या दिवसापासून तयार डायपर वापरले आणि त्याचा हिशेब कधी ठेवला नाही. दुसऱ्या वेळी दिवस राहिल्यावर मात्र मी वही घेऊन बसले. एका डायपरला सरासरी 12 रुपये आणि दिवसाला 6 डायपर धरले, तर महिन्याचे 2,160 रुपये होतात आणि दोन वर्षांचे 52,000 रुपयांच्या आसपास जातात. या रकमेपेक्षाही मला दुसऱ्याच आकड्याने अस्वस्थ केले. दोन वर्षांत आमच्या एका मुलाचे सुमारे 4,400 डायपर घराबाहेर गेले होते. त्यांचा बाहेरचा पापुद्रा प्लास्टिकचा, आतले अस्तर प्लास्टिकच्या धाग्यांचे आणि मधे लाकडाच्या लगद्यात मिसळलेली, ओल धरून ठेवणारी रसायनाची पूड असते. ते सगळे आज कचरा डेपोत कुठेतरी तसेच दबून पडलेले असणार, हा विचार मनातून जाईना.

म्हणून धाकटीच्या वेळी आईने जुनेरे काढली. तिच्याकडे आजीची दोन सुती नऊवारी लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. नव्या कापडाला खळ असते आणि ते पहिल्या काही धुण्यांपर्यंत पाणी नीट शोषत नाही. जुन्या लुगड्याची खळ केव्हाच निघून गेलेली असते, त्यामुळे लंगोटासाठी त्याच्याइतके चांगले कापड बाजारात विकत मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. आईने त्याचे चौकोन कापले, कडा दुमडून हाताने टाके घातले, तिकोनी घडी घालून टोकांना नाड्या लावल्या आणि मधे ठेवायला जुन्या पंचाच्या चार पदरी पट्ट्या शिवल्या. असे 30 लंगोट आणि 20 पट्ट्या तयार झाल्या. रात्रीसाठी आणि प्रवासासाठी मी वरून घालायची, ओल बाहेर येऊ न देणारी 4 आवरणे विकत घेतली. दोरा, नाड्या आणि आवरणे धरून एकूण खर्च 2,000 रुपयांच्या आत बसला. म्हणजे एका महिन्याच्या डायपरांपेक्षाही कमी.

धुण्याची पद्धत आता अंगवळणी पडली आहे. शी झालेला लंगोट आधी संडासात खळखळून घ्यायचा, मग सगळे लंगोट झाकणाच्या बादलीत टाकायचे आणि रोज सकाळी साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळत घालायचे. कपडे मऊ व सुगंधी करणारे द्रव मी पहिल्या आठवड्यात वापरले होते. त्याचा थर धाग्यांवर बसल्याने लंगोट ओल शोषेनासे झाले, तेव्हा ते बंद केले. जंतुनाशकाचीही गरज पडली नाही. कडक ऊन मिळाले की वासही जातो आणि बहुतेक डागही फिके पडतात.

आता अडचण सांगते, कारण या संकेतस्थळावर चर्चेचा हा धागा मी कौतुकासाठी उघडलेला नाही. पहिले तीन महिने आई माझ्याजवळ होती आणि लंगोट ती धूत होती. ती गावी गेल्यावर ते काम माझ्याकडे आले. 2017 च्या दुरुस्तीमुळे मिळालेली 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपून मी कामावर रुजू झाले, तेव्हा रात्री अकरा वाजता बादलीसमोर उभी राहून मी विचार करू लागले की, आम्ही वाचवलेले दोन हजार रुपये नेमके कुणाच्या अंगावर वाचत आहेत. त्यातच पाळणाघराने कापडी लंगोट घेणार नाही, डायपर घालूनच मूल पाठवा, असे सांगितले. माझ्या कार्यालयात 50 हून कमी माणसे असल्यामुळे तिथे पाळणाघराची सोय असण्याचे बंधन नाही. दिवसाचे नऊ तास डायपर आणि उरलेला वेळ लंगोट, अशी सध्या स्थिती आहे.

पाळणाघराचा प्रश्न कुणी कसा सोडवला, पावसाळ्यात लंगोट कसे वाळवता, आणि लंगोटाखेरीज खाणे, कपडे व खेळणी यांत पैसा आणि कचरा दोन्ही कमी करण्याचे कोणते उपाय तुमच्या घरात खरोखर टिकले, हे कृपया सविस्तर लिहावे. जे टिकले नाही तेही लिहावे.

बालवाडीच्या बाई (चिपळूण)

निरगुडी, तुमच्या आईंनी शिवलेल्या लंगोटांचे वर्णन वाचून माझी ट्रंक आठवली. मी 31 वर्षे बालवाडी चालवली आणि आता नातवंडांचे करते, त्या अनुभवावरून लिहिते.

लंगोट कमी भिजले तर धुणेही कमी होते, ही गोष्ट हल्ली विसरली गेली आहे. आमच्याकडे मूल मान धरू लागले की त्याला पायांवर धरून शी-शू करवत असत. आजीने जमिनीवर बसून पाय लांब करायचे, दोन्ही पावले थोडी दूर ठेवायची आणि बाळाला आपल्याकडे तोंड करून पायांच्या बेचक्यात असे टेकवायचे की त्याच्या पाठीला आणि मांड्यांना आधार मिळेल. मग तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज करत थांबायचे. झोपून उठल्यावर लगेच, दूध पिऊन झाल्यावर थोड्या वेळाने आणि अंघोळीआधी, या तीन वेळा सांभाळल्या तरी निम्मे लंगोट कोरडे राहतात. यात जबरदस्ती मुळीच नसावी. मूल पाय ताठ करून रडू लागले तर लगेच उचलावे. ते दोन मिनिटांत होईलच असे नाही, पण बाळाचा चेहरा कसा बदलतो हे एकदा ओळखू आले की सांभाळणाऱ्या माणसाला ते आपोआप कळते. आठव्या-नवव्या महिन्यात नातू पोट आवळून स्तब्ध उभा राहिला की मी त्याला उचलून मोरीकडे नेत असे, आणि दहांतल्या सात वेळा माझा अंदाज बरोबर ठरे.

कोकणात जून ते सप्टेंबर काहीच वाळत नाही. पूर्वी शेगडीत निखारे ठेवून त्यावर बांबूची मोठी टोपली पालथी घालत आणि त्या टोपलीवर बाळोती पसरत. खोलीत बाळ असताना निखाऱ्यांचा धूर नको, म्हणून आता मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही. त्याऐवजी एकपदरी लंगोट वेगळे आणि जाड पट्ट्या वेगळ्या ठेवाव्यात. एकपदरी कापड पंख्याखाली रात्रभरात वाळते आणि जी थोडी दमट राहते ती पट्टी इस्त्रीने कोरडी होते. पावसाळ्यात जन्मणाऱ्या बाळासाठी लंगोटांची संख्या दीडपट ठेवावी, हे आमच्याकडे बाळंतविडा करतानाच ठरलेले असे.

कपड्यांबद्दल एवढेच सांगते की बाळाला पहिले झबले-टोपडे दुसऱ्या सुदृढ मुलाचे घातलेले असावे, अशी आपल्याकडे रीतच आहे. कुणी त्यामागे शुभाशुभ पाहते, पण धुतलेले, मऊ झालेले कापड नाजूक त्वचेला सोसते, हे त्यातले शहाणपण आहे. आज त्याच रीतीला ‘वापरलेले कपडे घेणे’ म्हणून लोक संकोचतात, याचे मला वाईट वाटते.

मांजराकाठ (लातूर)

मी दोन मुलांचा बाप आहे आणि पाण्याची बाजू मांडतो.

आमच्या थोरल्याचा जन्म 2015 च्या डिसेंबरात झाला. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते सर्वांना आठवत असेल. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी प्यायच्या पाण्यासाठी रांग होती आणि वापरायचे पाणी टँकरवाल्याकडून विकत घ्यावे लागत होते. रोज तीन बादल्या पाणी लंगोटांवर घालवणे आम्हाला परवडणारे नव्हते आणि ते योग्यही झाले नसते. आम्ही चार महिने डायपर वापरले आणि त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही. जिथे पाण्याचा थेंब मोजून वापरावा लागतो तिथे पर्यावरणाचे गणित पुण्या-मुंबईसारखे सुटत नाही, हे या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

धाकटीच्या वेळी पाऊस बरा होता. तेव्हा आम्ही पाणी फिरवून वापरायला शिकलो. शेवटच्या खळबळीचे पाणी जवळजवळ स्वच्छ असते, ते बादलीत साठवून दुसऱ्या दिवशीच्या लंगोटांच्या पहिल्या खळबळीला घ्यायचे, आणि पहिल्या खळबळीचे घाण पाणी संडासात ओतायचे. त्यामुळे संडासाला वेगळे पाणी लागत नाही. लंगोटांचे पाणी भाजीच्या वाफ्यात मात्र घालू नये. बाईंनी सांगितलेली पायांवर धरण्याची पद्धत माझ्या आईने केली होती आणि दुष्काळी भागासाठी तीच सर्वांत मोलाची आहे, कारण जो लंगोट भिजतच नाही त्याला पाणी लागत नाही.

पैलतीर (इंग्लंड)

मांजराकाठ यांनी जे लिहिले आहे त्याला अभ्यासाचाही आधार आहे. इंग्लंडच्या पर्यावरण विभागाने 2008 मध्ये तयार डायपर आणि कापडी लंगोट यांची जन्मापासून विल्हेवाटीपर्यंत तुलना केली होती. एका मुलाची अडीच वर्षे धरली, तर दोन्हींमुळे हवेत जाणारा कार्बन जवळपास सारखाच निघाला: डायपरचा सुमारे 550 किलो आणि कापडी लंगोटांचा सुमारे 570 किलो. लोक एवढाच भाग सांगून थांबतात. पुढचा भाग असा की लंगोट यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडाचा भार सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतो. उलट ते नेहमी विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले, तर तो बराच वाढतो.

इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊन जवळजवळ नसते आणि माझ्या लहानशा घरात दोरी बांधायला जागा नाही. पहिल्या हिवाळ्यात मी ड्रायर वापरला आणि विजेचे बिल पाहून थांबले. आता खोली गरम करणाऱ्या नळ्यांसमोर एक घडीचा स्टँड ठेवते. त्यावर एकपदरी लंगोट एका दिवसात वाळतात, जाड पट्ट्यांना दोन दिवस लागतात, म्हणून पट्ट्या जास्त शिवून घेतल्या. महाराष्ट्रात वर्षातले आठ महिने फुकट मिळणारे ऊन हीच या सगळ्या हिशेबातली सर्वांत मोठी कमाई आहे, हे परदेशात आल्यावर मला उमगले.

वर्गीकरण (पुणे)

मी पुण्यात कचरावेचकांसोबत काम करणाऱ्या गटात स्वयंसेवक म्हणून जाते, त्यामुळे डायपर घराबाहेर गेल्यावर त्याचे काय होते, ते लिहिते.

डायपर कुजायला 500 वर्षे लागतात, असे वाक्य सर्वत्र फिरते. तयार डायपर अस्तित्वात येऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत, त्यामुळे तो आकडा कुणी मोजलेला नसून अंदाज आहे. मला 500 वर्षांपेक्षा पहिल्या पाच तासांची काळजी अधिक वाटते. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे त्यातूनच कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. आज शहरातल्या लाखो घरांच्या दारातून कचरा घेणाऱ्या बहुतांश स्त्रियाच आहेत. सुक्या कचऱ्यातून विकण्याजोगी वस्तू वेगळी करताना पिशवीत उघडा, भिजलेला डायपर निघाला तर तो त्यांना हाताने बाजूला काढावा लागतो. मी एका सकाळी वर्गीकरणाच्या शेडमध्ये दोन तास बसले होते. पुठ्ठ्यांच्या ढिगातून एका ताईंनी सात डायपर काढले, आणि त्यांतल्या चारांची घडीसुद्धा घातलेली नव्हती. ओल्या झालेल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही, म्हणजे तेवढी त्यांची कमाईही बुडाली.

2016 च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर गुंडाळून द्यावेत असे स्पष्ट म्हटले होते आणि त्यासाठीचे वेष्टन पाकिटासोबत पुरवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली होती. आपल्या हातात एवढे नक्की आहे की शी आधी संडासात टाकावी, डायपर आतल्या बाजूने गच्च गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करावा, जुन्या वर्तमानपत्रात बांधून त्यावर लाल रंगाचा ठळक ठिपका काढावा आणि तो ओल्या व सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा हाती द्यावा. ज्यांना डायपर वापरणे भाग आहे त्यांनी अपराधी वाटून घेण्यापेक्षा हे दोन मिनिटांचे काम रोज करावे. बाळाला पुसायचे विकतचे ओले रुमाल (वेट वाइप्स) हेदेखील बहुतेक प्लास्टिकच्या धाग्यांचे असतात. घरी जुन्या पंचाचे तळहाताएवढे तुकडे आणि कोमट पाणी पुरते.

चाहूल (नाशिक)

मला आठवा महिना सुरू आहे. सासरी माळ्यावर लाकडी पाळणा आहे, त्यात माझे सासरे आणि त्यांची भावंडे वाढली. त्याला हिरवा-लाल तैलरंग दिलेला असून काही ठिकाणी पोपडे निघाले आहेत. नवा पाळणा घेण्याऐवजी तोच घासून रंगवावा असे आम्ही ठरवले आहे. त्यात काही धोका आहे का? शिवाय जुनी खेळणी घ्यावीत की नाहीत, हेही कुणी सांगावे.

सुतारपक्षी (सावंतवाडी)

चाहूल, तो पाळणा घरी घासू नका आणि विशेषतः तुम्ही स्वतः तर मुळीच घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग, अशी ठरली आणि ती 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या तैलरंगांत, विशेषतः तेजस्वी पिवळ्या, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसे बरेच असू शकते. पॉलिश पेपरने घासल्यावर त्याची धूळ घरभर पसरते आणि गर्भाला व लहान मुलाच्या मेंदूला शिशाने कायमची हानी होऊ शकते. पाळण्याच्या कडा दात येणारे मूल हमखास चावते. पाळण्याला रंगच दिलेला नसता, तर मी तो डोळे मिटून वापरा म्हटले असते. आठवण म्हणून तो जपून ठेवा आणि पहिले सहा महिने सुती लुगड्याची झोळी किंवा जमिनीवर अंथरलेली गोधडी वापरा. झोळी वापरायची तर बाळाची हनुवटी छातीवर टेकून नाक-तोंड दबत नाही, याकडे सतत लक्ष असावे आणि रात्रीच्या झोपेला गोधडीच बरी. खर्च दोन्हींत नाही.

हीच गोष्ट खेळण्यांची. कापडी बाहुली, न रंगवलेले लाकूड, स्टीलची भातुकली हे दुसऱ्याकडून आनंदाने घ्यावे, पण रंग उडालेले जुने खेळणे तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नये. 1 जानेवारी 2021 पासून बाजारातल्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे झाले, मात्र नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे. आमच्याकडे चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात. तिथे गेलात तर रंग कोणता वापरला आहे ते कारागिराला सरळ विचारा आणि अगदी तान्ह्यासाठी बिनरंगी तुकडा मागा. आधी सांगितले तर तसा करून देतात.

खरे सांगायचे तर दीड वर्षापर्यंत मुलाला विकतचे खेळणे लागतच नाही. माझा मुलगा एक स्टीलचा डबा, तीन झाकणे, एक लाकडी डाव आणि ओला रुमाल एवढ्यावर तासभर रमत असे. झाकण जमिनीवर उभे फिरवले की ते गरगरत खाली बसते आणि बसताना आवाज वेगाने वाढत जाऊन एकदम थांबतो. त्या थांबण्याची तो श्वास रोखून वाट पाही, आणि मग पुन्हा झाकण माझ्या हातात देई. मुले चार-पाच वर्षांची झाली की अरविंद गुप्ता यांनी दाखवलेली, आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्वची नळी आणि रद्दी कागद यांची खेळणी करावीत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील विज्ञानकेंद्रात त्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती खेळणी मोडली तरी चालतात, कारण मूल ती पुन्हा स्वतः करू शकते.

बालवाडीच्या बाई (चिपळूण)

खाण्याबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून पुन्हा आले. पहिले सहा महिने आईचेच दूध. ते शक्य नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जे दूध द्याल ते बाटलीऐवजी बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या भांड्याने) किंवा वाटी-चमच्याने पाजावे. स्टीलचे बोंडले एकदा घेतले की तीन पिढ्या जाते, उकळायला सोपे असते आणि त्याला टाकून द्यावी लागणारी रबरी बोंडीही नसते.

सहा महिन्यांनंतर डब्यातल्या तयार पिठांवर जो पैसा जातो तो मला सर्वांत अनाठायी वाटतो. खिमटासाठी तांदूळ तीन वाट्या आणि मुगाची डाळ एक वाटी, धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर वेगवेगळे भाजावे आणि रव्यासारखे दळावे. देताना पाण्यात शिजवून वर चमचाभर तूप घालावे. नाचणीचे सत्त्व करायला वेळ लागतो, पण ते जमून येते. नाचणी रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. दीड-दोन दिवसांनी मोड फडक्यातून डोकावू लागतात, तेव्हा पसरून खडखडीत वाळवायची, हलकी भाजून दळायची आणि पीठ पातळ कापडातून गाळून घ्यायचे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि मोड आल्याने पीठ पचायलाही हलके होते. हे पीठ एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच करावे, कारण जास्त दिवस राहिले की खवट होते. नोकरी करणाऱ्या आईला हे झेपणार नाही, याची मला जाणीव आहे. वर्षाचे झाल्यावर घरातलेच वरण-भात तिखट घालण्याआधी बाजूला काढणे आणि दशमी दुधात कुस्करणे, एवढे केले तरी डबा आणायची गरज राहत नाही. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार मिळतो, तोही नाव नोंदवून घ्यावा. तो आपला हक्क आहे.

निरगुडी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण दरम्यान काही गोष्टी बदलल्या.

पाळणाघरात मी एक दिवस अर्धी रजा काढून बसले. तिथे दहा मुलांमागे दोन मावशी आहेत. त्यांपैकी एक मुलांना भरवत असताना दुसरीने बदलणे, पुसणे, झोपवणे सगळे पाहायचे असते. मी घरी जे काम रात्री अकरा वाजता रडकुंडीला येऊन करत होते, तेच मी त्यांच्यावर विनामोबदला ढकलू पाहत होते, हे तिथे बसल्यावर दिसले. आणखी दोघी आयांशी बोलून आम्ही तिघींनी ठरवले की लंगोट घडी घालून, आवरणात आधीच बसवून तयार पाठवायचे, म्हणजे मावशींना नाड्या बांधत बसावे लागणार नाही. भिजलेले लंगोट न धुता झाकणाच्या डब्यात टाकायचे, तो डबा आम्ही संध्याकाळी घरी आणायचा, आणि या जादा कामासाठी प्रत्येकीने महिन्याला 300 रुपये थेट मावशींना द्यायचे. चालकांनी एक महिना पाहू म्हणून परवानगी दिली आहे. आता आमच्या महिन्याच्या खर्चात हे 300 रुपये, साबण, वीज आणि पाणी धरून सुमारे 550 रुपये जातात. 2,160 च्या तुलनेत ते कमी आहेत, पण ‘फुकट’ नाहीत, आणि ते तसे नाहीत हे वहीत लिहिल्यावर मला बरे वाटले. प्रवासात आणि आजारपणात डायपर वापरते. वर्गीकरण यांनी सांगितल्याप्रमाणे घरात जुनी वर्तमानपत्रे आणि लाल पेन एका खोक्यात ठेवले आहे.

मांजराकाठ (लातूर)

निरगुडी, तुमच्या पहिल्या लिखाणातला रात्री अकराचा प्रसंग मनातून गेला नाही, म्हणून थोडे खाजगी लिहितो. आमच्याकडे धाकटीचे लंगोट मी धुतले, सलग चौदा महिने. सुरुवातीला आई नाराज झाली. शेजारच्या घरातून मला मोरीत पाहून कुणी हसलेही. पण बायको सकाळी भरवणार आणि मी तेवढ्या वेळात धुणार, असे ठरल्यावर दोघांचेही काम साडेसातपर्यंत संपत असे. तुमच्या लिखाणात आई, तुम्ही, मावशी आणि सासूबाई आल्या आहेत, मुलीच्या वडिलांचा उल्लेख मात्र फक्त पगारात आहे. मी चुकत असेन तर क्षमा करा. थोरल्याच्या वेळी मीही तसाच होतो.

निरगुडी (पुणे)

आपण चुकला नाहीत. हा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. सोमवारपासून सकाळची बादली त्याच्याकडे आहे. पहिल्या दिवशी त्याने शी न खळबळता सगळे एकत्र भिजवले आणि तीन लंगोटांवर पिवळे डाग बसले. ते दोन दिवस उन्हात टाकल्यावर गेले. आता थोरलाही बापाच्या मागे चिमटे घेऊन उभा राहतो आणि एकेक चिमटा वर देतो.

चाहूल, तुम्ही पाळणा पुन्हा माळ्यावर ठेवलात, हे मला निरोपाने कळवल्याबद्दल आभार. धाकटीला आता लहान मापाचे लंगोट होत नाहीत. 14 लंगोट, 6 दुपटी, 5 झबली आणि आजीच्याच लुगड्याची एक कुंची मी वेगळी बांधून ठेवली आहे. माझी मावसबहीण दहा तारखेला नाशिकला येणार आहे, तिच्यासोबत गाठोडे पाठवते. दोन लंगोटांच्या नाड्या उसवल्या आहेत, त्या शनिवारी शिवून घेईन. तुमचे बाळंतपण ऐन पावसाळ्यात आहे, तेव्हा बाईंनी सांगितल्याप्रमाणे आणखी आठ-दहा लागतील. घरात जुने सुती लुगडे किंवा धोतर असेल तर आताच काढून दोनदा धुऊन ठेवा.